सरांच्या कार्यक्रमात प्रार्थना असावी का?

नमस्कार ताई,

मी मूळची नगरची, आता पुण्यात असते. शाळेत असताना व्हॉलीबॉल खेळायचे. शाळा मिशनची, आणि विज्ञान शिकवणारे सरच आमचे कोच. सर ख्रिस्ती, नेमाने चर्चला जाणारे. टीममध्ये मात्र सगळ्या जातिधर्मांच्या मुली होत्या. मुलींनी हाफ पँट घालून मैदानात उतरायचं म्हणजे घरोघरी विरोध. सर सायकलवरून एकेकीच्या घरी जायचे, वडिलांशी बोलायचे, आजीचा चहा प्यायचे आणि परवानगी घेऊनच उठायचे. रविवारी सकाळी प्रॅक्टिस नसायची, कारण सर चर्चमध्ये असायचे. मॅचच्या आधी ते थोडे बाजूला जाऊन डोळे मिटून उभे राहायचे. आम्हाला त्यांनी कधी प्रार्थना करायला लावली नाही.

गेल्या वर्षी सर गेले. मला कळलं तोवर दफनविधी होऊन गेला होता. त्याच्या काही आठवडे आधी त्यांचा फोन आला होता. मी मीटिंगमध्ये होते, उचलला नाही, नंतर करायचा राहूनच गेला. ते अजून टोचतं.

आता वर्ष होतंय. आम्ही माजी खेळाडूंनी शाळेच्या मैदानावर कार्यक्रम ठरवलाय. फोटोला हार, दीपप्रज्वलन, मनोगतं, मुलींची एक मॅच आणि सरांच्या नावाने चषक. सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, सांगायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, 'सगळं छान आहे. फक्त सुरुवातीला एक गीत आणि प्रार्थना घ्या, आमचे पाळकसाहेब येतील.' त्यावरून ग्रुपवर वाद पेटलाय. एक जण म्हणतो, सर सगळ्यांचे होते, मध्ये धर्म कशाला? दुसरी म्हणते, प्रार्थनेचे फोटो फिरले तर लोक नको ते बोलतील, शाळाही अडचणीत येईल. टीममधली एक मैत्रीण तर यायलाच तयार नाही. सरांनी तिला ऐन जिल्हा स्पर्धेआधी वगळलं होतं, ते ती विसरलेली नाही. काकू त्यानंतर काहीच बोललेल्या नाहीत. काय करावं?

एक माजी खेळाडू, पुणे

प्रिय मैत्रीण,

गीत आणि प्रार्थना ठेवा. काकूंनी तेवढी एकच गोष्ट मागितली आहे. बाकीच्या प्रश्नांवर बोलूच, पण हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रातलं 'काकू त्यानंतर काहीच बोललेल्या नाहीत' हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. एकदा बोलून गप्प झालेल्या बाईला आपलं म्हणणं समोरच्यांना जड गेलंय हे कळलेलं असतं. थोड्या संख्येच्या समाजात आयुष्य काढलेल्या माणसाला ते फार लवकर कळतं. त्यांना दुसऱ्यांदा मागायला लावू नका. उद्याच फोन करा आणि सांगा, काकू, गीत कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

'सर सगळ्यांचे होते' म्हणणाऱ्या तुमच्या मित्राच्या बोलण्यात मला प्रेमच दिसतं. सर एका समाजापुरते होऊन जातील याची त्याला भीती वाटते. पण सगळ्यांचे होण्यासाठी सरांनी स्वतःतून काही वजा केलं नव्हतं. रविवारी सकाळी मैदान रिकामं का असायचं हे तुम्हा प्रत्येकीला ठाऊक होतं. मॅचआधी ते डोळे का मिटतात हेही ठाऊक होतं. त्यांनी ते तुमच्यावर लादलं नाही आणि तुमच्यापासून लपवलंही नाही. आता ते नसताना आपण ते झाकायचं, तर आठवण सरांची राहत नाही, आपल्याला सोयीच्या कुणा दुसऱ्याच माणसाची होते.

आणि वगळायचं ठरवलं तरी कुठे कापणार? मुलींच्या आजीचा चहा पिऊन परवानगी मिळवणारे सर एकीकडे आणि चर्चच्या बाकावर बसणारे सर दुसरीकडे, असे दोन भाग करता येत नाहीत. तुम्हाला प्रार्थना करायला न लावण्यातला जो संयम होता, तोही मला त्यांच्या श्रद्धेतूनच आलेला वाटतो. मी सरांना ओळखत नव्हते, त्यांच्या मनातलं काकूच सांगू शकतील. पण मैदान आणि प्रार्थना यांच्यामध्ये भिंत न घालणाऱ्या ख्रिस्ती शिक्षकांची एक मोठी परंपरा आहे, आणि तुम्ही ज्या खेळावर जीव टाकलात तो खेळच त्या परंपरेतून आलाय.

व्हॉलीबॉल जन्मला 1895 साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी, वायएमसीएच्या व्यायामशाळेत. वायएमसीए म्हणजे ख्रिस्ती तरुणांची संघटना. तिथल्या विल्यम मॉर्गन नावाच्या व्यायामशिक्षकाकडे वयाने जरा मोठे गृहस्थ यायचे, त्यांना बास्केटबॉलची धक्काबुक्की झेपत नव्हती. त्यांच्यासाठी मॉर्गननी मध्ये जाळी बांधली. ते बास्केटबॉलही चारच वर्षांपूर्वी, 1891 च्या डिसेंबरात, जवळच्या स्प्रिंगफील्डमध्ये वायएमसीएच्याच प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी तयार केलेलं. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकून मग शारीरिक शिक्षणाकडे वळले होते. या संघटनेच्या त्रिकोणी चिन्हाच्या तीन बाजू म्हणजे शरीर, मन आणि आत्मा. आपल्याकडे 1920 साली मद्रासला हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभरच्या शाळांच्या मैदानांवर पोचले. हेच बक 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय चमूचे व्यवस्थापक म्हणून गेले होते.

त्याच पॅरिसमध्ये एरिक लिडेल नावाचा स्कॉटिश धावपटू 100 मीटरच्या शर्यतीतून बाजूला झाला, कारण तिची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार देवाचा म्हणून तो त्या दिवशी धावत नसे. मग तो 400 मीटर धावला आणि 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. लोकांना गोष्ट इथपर्यंत माहीत असते. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो, आणि तुमच्या सरांबद्दल वाचताना तोच आठवत राहिला. पदक जिंकल्यावर पुढच्याच वर्षी लिडेल चीनमध्ये तिआनजिनला गेले आणि तिथल्या मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवू लागले, मुलांचे खेळ घेऊ लागले. विज्ञान आणि मैदान, अगदी तुमच्या सरांसारखं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना इतर परदेशी लोकांबरोबर वेशिएनच्या छावणीत डांबलं. तिथे आईवडिलांपासून तुटलेली शाळकरी मुलं होती. लिडेल त्यांना शिकवायचे, त्यांच्यासाठी सामने भरवायचे. रविवारी मात्र खेळ घेत नसत. एका रविवारी मुलांनी आपल्या आपण हॉकी खेळायला घेतली, पंच नसल्यामुळे भांडणं जुंपली. पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभे राहिले. ज्या नियमापायी त्यांनी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती, तो त्यांनी त्या मुलांसाठी बाजूला ठेवला. 21 फेब्रुवारी 1945 रोजी मेंदूतल्या गाठीने ते छावणीतच वारले. जाण्याच्या थोडंच आधी त्यांनी आपले झिजलेले धावायचे बूट स्टीव्हन मेटकाफ नावाच्या मुलाला दिले होते. तो मुलगा मोठेपणी, म्हातारपणीही त्या बुटांबद्दल सांगत राहिला.

छावणीतल्या त्या मुलांच्या आठवणींत पदक फार कमी येतं. हॉकी येते, बूट येतात, रविवार येतो. श्रद्धा वेगळी काढून दाखवावी लागत नाही, ती बुटांच्या गोष्टीतच असते. तुमच्या कार्यक्रमात नेमकं हेच व्हावं असं मला वाटतं.

आता नगरबद्दल. ग्रुपवरच्या त्या मित्राला हे जरूर सांगा. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1813 मध्ये मुंबईत सुरू झालं आणि 1831 मध्ये नगरला पोचलं. सिंथिया फरार बाई 1839 पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवत होत्या. जोतिरावांनी त्यांची शाळा पाहिली होती, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण फरार बाईंकडे घेतलं. म्हणजे मुलीला घराबाहेर काढण्यासाठी वडिलांच्या पायऱ्या झिजवणाऱ्या शिक्षकांचं नगर हे जुनं गाव आहे, तुमचे सर त्यातले अलीकडचे. याच नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी बालकवी राहायला होते. ठोंबऱ्यांचा हा मुलगा, त्याच्या कवितेवर टिळकांचा जीव. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई, त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झालेले, बालकवी हिंदूच राहिले. टिळकांचा धर्म बालकवींना अडला नाही आणि बालकवींनी टिळकांच्या घरातल्या प्रार्थनेला नाकं मुरडल्याचंही कुणी सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वी नगरला जे जमलं ते तुमच्या ग्रुपला का जमू नये?

फोटो फिरण्याची भीती मी हसण्यावारी नेत नाही. दिवस तसे आहेत, आणि त्याचा ताप शेवटी काकूंना आणि शाळेला होईल हेही खरं. पण अशा भीतीवर लपवाछपवी हा उपाय होत नाही. लपवलेली गोष्ट फुटली की संशयाला बळ मिळतं. पत्रिकेवर स्वच्छ लिहा की सुरुवातीला कुटुंबीयांच्या वतीने गीत आणि प्रार्थना होईल. ज्यांना तेव्हा बसायचं नसेल ते नंतर येतील, त्यांच्यावर कुणी रागवू नये. मुख्याध्यापकांना पूर्ण कार्यक्रमपत्रिकेसह लेखी अर्ज द्या आणि लेखी होकार घ्या. प्रार्थना चालू असताना व्हिडिओ करू नका, अशी सूचना निवेदकाने आधीच द्यावी. ती काकूंच्या दुःखाच्या मानासाठीही योग्यच आहे. शाळेला मैदानावर प्रार्थना खरंच अडचणीची वाटली, तर सकाळी चर्चमध्ये स्मृती उपासना ठेवा आणि तिथून सगळ्यांनी मिळून मैदानावर जा. पण ही दुसरी वाट शाळेने नाही म्हटलं तरच. ग्रुपला धाकधूक वाटते म्हणून काकूंना चर्चमध्ये आणि बाकीच्यांना मैदानावर असं वेगळं करू नका.

प्रार्थना म्हणजे नक्की काय होईल, हे ग्रुपमधल्या अनेकांना माहीत नसेल. न माहीत असलेल्या गोष्टीचीच धास्ती जास्त असते. पाळकसाहेब बायबलमधला एक उतारा वाचतील. बहुधा मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र असेल, किंवा पौलाच्या पत्रातला तो भाग, जिथे तो आपली धाव संपवल्याचं म्हणतो. कोचसाठी तो फार शोभेल, काकूंना सुचवून पाहा. मग सरांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतील आणि घरच्यांना धीर मागतील. इतरांनी उभं राहिलं की उभं राहायचं, बसले की बसायचं. ज्याला 'आमेन' म्हणायचं नाही त्याने म्हणू नये, मान खाली घालून शांत राहणं पुरेसं असतं. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये गायली जाणारी कितीतरी गीतं टिळकांनीच लिहिलीत, अभंगाच्या, ओवीच्या चालीवर, पेटी-तबल्यावर गायची. ती ऐकताना तुमच्यातल्या बऱ्याच जणींना घरच्या भजनाचीच ओळख पटेल. सकाळी चर्चमध्येच उपासना झाली आणि तिथे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी असला, तर तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, तुम्ही जागेवर बसून राहा. चपला काढायच्या का, पदर घ्यायचा का, हे मंडळीमंडळीत वेगळं असतं. दारात काय दिसतं तसं करा.

तुम्ही ज्याबद्दल विचारलंच नाही ते दीपप्रज्वलन आणि हार. हार बऱ्याच ख्रिस्ती घरांत चालतो. समई, उदबत्ती, कुंकू आणि फोटोपुढे हात जोडून उभं राहणं याला मात्र अनेक प्रॉटेस्टंट कुटुंबं नको म्हणतात. गेलेल्या माणसाची पूजा त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. काकूंनी 'सगळं छान आहे' म्हटलं त्यात समईला होकार होता की तुमचं मन राखणं होतं, कुणास ठाऊक. म्हणून सरळ विचारा, आणि विचारताना 'चालेल ना?' असं विचारू नका. त्याला भिडस्त माणूस 'चालेल' असंच म्हणतो. 'तुमच्याकडे कसं करतात, आम्ही तसंच करू' असं म्हणा. समई नको असेल तर उद्घाटन चेंडूनेच करा. काकूंनी किंवा नातवंडांपैकी कुणी पहिला चेंडू मैदानात टाकावा. कोचच्या कार्यक्रमाला मला तर तेच जास्त साजेसं वाटतं. फलकावर 'प्रथम स्मृतिदिन' लिहा, ते सगळ्यांना मानवतं. सर वसईकडचे कॅथलिक असते तर घरच्यांनी चर्चमध्ये वर्षाची मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, ठेवली असती आणि 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्त्या लावल्या असत्या. ख्रिस्ती म्हणजे सगळीकडे एकच रीत, असं समजून चालू नका.

मनोगतांबद्दल माझं एक ठाम मत आहे. 'सर म्हणजे माया, शिस्त आणि त्यागाची मूर्ती' या वळणाची भाषणं ठेवू नका. अशा वाक्यांत कुणाचेही सर बसतात. बोलणाऱ्या प्रत्येकीला एकच प्रसंग सांगायला सांगा. तुझ्या घरी सर आले तेव्हा काय झालं? पहिल्यांदा हरलात तेव्हा परतीच्या एसटीत ते काय बोलले? नाताळात त्यांच्याकडे करंज्या खायला गेलात का? फक्कीने मैदान आखून देणारे शिपाई हयात असतील तर त्यांना मानाने बोलवा. समोरच्या शाळेचे कोच असतील तर त्यांनाही. हरवणाऱ्याला प्रतिस्पर्धी जसा पाहतो तसा शिष्य पाहत नाही. ज्यांना यायला जमणार नाही त्यांच्याकडून हाताने लिहिलेलं एकेक पान मागवा, जुने फोटो, कात्रणं, प्रमाणपत्रांच्या प्रती गोळा करा आणि त्याची एक वही बांधून काकूंना द्या. व्हॉट्सॲपवरचे मेसेज सहा महिन्यांत सापडत नाहीत. वही घरात राहते, नातवंडं वाचतात.

वगळल्या गेलेल्या तुमच्या मैत्रिणीला समजावायला जाऊ नका. तिला वेगळा फोन करा, तुझी आठवण कडू असली तरी ती सरांचीच आहे, यावंसं वाटलं तर ये, एवढंच सांगा. सरांनी तेव्हा बरोबर केलं की चूक, याचा निवाडा आज कुणी करू शकणार नाही आणि तो तुम्ही तिच्यासमोर सरांच्या बाजूने करूही नका. ती आली आणि बोलावंसं वाटलं तर बोलू द्या. लक्ष्मीबाई टिळकांनी नवऱ्याचा शीघ्रकोप, त्याचं अचानक घर सोडून जाणं, सगळं लिहून ठेवलंय, आणि म्हणूनच तो माणूस आजही आपल्याला जिवंत भेटतो. काकूंना वाईट वाटेल अशी तुम्हाला धास्ती असेल. मला वाटतं, सर चुकायचेही हे काकूंना तुमच्याआधीपासून माहीत आहे.

मुलींच्या मॅचसोबत तुम्हा जुन्या खेळाडूंचा एक सेट ठेवा, आणि तो तुमच्या काळच्या नियमांनी. 15 गुणांचा, ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खेळ 25 गुणांच्या रॅली पद्धतीकडे, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, चेंडू जिंकणाऱ्याला गुण, अशा पद्धतीकडे गेला, आजच्या मुलींनी जुनी पद्धत पाहिलेलीच नसेल. गुण न वाढता सर्व्हिस इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहायची, तेव्हा तुमच्या टीमचा धीर कुठून यायचा, हे त्यांना मैदानात पाहायला मिळेल. जाळी मुलींचीच, 2.24 मीटरवर. गुडघ्यांना जपा.

चषकाला माझा विरोध नाही, पण नुसता चषक कपाटात काळा पडतो. त्याच्या जोडीला असं काही ठेवा की सर आज असते तर त्यांनी स्वतःच्या खिशातून केलं असतं. जिल्ह्याला जाणाऱ्या मुलींचं एसटीचं भाडं, एखादीचे बूट, दर वर्षी नवे चेंडू आणि जाळी. पैसे कुणा एकीच्या वैयक्तिक खात्यात जमवू नका. मैत्र्या अशाने तुटतात. वेगळा ट्रस्ट काढायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दर वर्षीचे हिशेब, हे सगळं आलं आणि ते पाच वर्षांनी कोण बघणार? त्यापेक्षा शाळेच्या नावाने रक्कम द्या, पावती घ्या, आणि ती कशावर खर्च व्हायची ते पत्रात लिहून दोघींनी सह्या करा. काकूंना देणगीदारांच्या यादीत ओढू नका.

राहिला तुमचा फोन. ते टोचणं मी काढून टाकू शकत नाही, आणि 'सरांना काही वाटलं नसेल' असं म्हणून तुमची समजूतही घालणार नाही, कारण मला ते माहीत नाही. एवढं मात्र वाटतं की निवृत्त कोच जुन्या खेळाडूला फोन करतो तो बहुतेक वेळा तिचा आवाज ऐकायला. तो आवाज त्यांनी त्याआधी वर्षानुवर्षं ऐकला होता. कार्यक्रमाच्या आधी एकदा एकट्याच नगरला जा. काकूंना भेटा. फोनचं सांगावंसं वाटलं तर एका वाक्यात सांगा आणि पुढे जा. त्यांनी तुमचे डोळे पुसावेत अशी वेळ आणू नका, त्यांचं स्वतःचं दुःख अजून वर्षाचंही झालेलं नाही. उलट तुम्हीच त्यांना सरांबद्दलचं असं काही सांगा जे त्यांना माहीत नसेल. मैदानावरचे सर काकूंनी फारसे पाहिले नसतील, ते तुम्ही पाहिलेत. मग त्यांना सोबत घेऊन दफनभूमीत जा. फुलं न्या. हात जोडावेसे वाटले तर जोडा, तुमच्या नमस्काराने त्यांच्या श्रद्धेला काही बाध येत नाही. कबरीवर दगड बसवायचा राहिला असेल तर त्याचा खर्च घरच्यांना पेलतोय का, हे त्यांच्या मुलांना हळूच विचारा. कित्येक घरांत पैशांअभावी ते काम लांबत जातं. माजी खेळाडूंनी त्यात हातभार लावला तर बरंच होईल, पण त्यावर काय कोरायचं ते घरच्यांनीच ठरवावं.

पत्रिकेचा मजकूर माझ्याकडून हवा असेल तर हा घ्या: 'आमचे शिक्षक आणि कोच यांच्या प्रथम स्मृतिदिनानिमित्त आपण सारे त्यांच्या मैदानावर भेटू. सुरुवात सरांच्या कुटुंबीयांच्या वतीने गीत व प्रार्थनेने होईल. त्यानंतर आठवणी, माजी खेळाडूंचा एक सेट आणि शाळेच्या मुलींचा सामना. येताना सरांचा एखादा जुना फोटो आणि तुमच्या हाताने लिहिलेली एक आठवण आणावी.' खाली सरांचं नाव, वेळ, संपर्कासाठी तुमच्यापैकी दोघींचे नंबर. ग्रुपवर टाकण्याआधी हे काकूंना फोनवर वाचून दाखवा, आणि त्यांनी एखादा शब्द बदलायला सांगितला तर त्यावर ग्रुपमध्ये मतदान घेऊ नका.

तुमची,
ताई